म्हातारपणाची चूल



गळीत, उतारा, तोडणी-वाहतूक आणि उसाचा दर यांखेरीज दुसरा विषय या पानावर सहसा येत नाही. आज थोडी वाट वाकडी करून आम्ही घरातल्या चुलीविषयी लिहीत आहोत. चूल सर्वांच्याच घरी पेटते, पण म्हातारपणी ती पेटवणे किती जड जाते, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त कामगार आहेत. सारी उमर बॉयलरपाशी गेली. रात्रंदिवस बगॅस जाळून वाफ केली. आता नवरा-बायको दोघेच घरी असतात. परवा भेटले तेव्हा हसत म्हणाले, “अहो, जन्मभर आग सांभाळली, आता आंघोळीचं पाणी एकाआड एक दिवस तापवतो.” आम्हांला मात्र हसू आले नाही.

आकडेच बघा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना 1995 सालची. तिच्यात किमान दरमहा 1000 रुपये ठरले ते सप्टेंबर 2014 मध्ये. पुढे दहा वर्षे तो आकडा तसूभर हलला नाही, आणि या पेन्शनला महागाई भत्ता नाही. इकडे मार्च 2023 मध्ये 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर मुंबईत अकराशेच्या वर गेला. म्हणजे महिन्याचे अख्खे किमान पेन्शन घेऊन गेले तरी एक टाकी पदरात पडत नव्हती! पुढे ऑगस्ट 2023 अखेर 200 आणि मार्च 2024 मध्ये 100 रुपये उतरले खरे, पण म्हातारी माणसे ज्या भीतीने गॅस बारीक करायला शिकली, ती भीती काही उतरली नाही.

कोणी म्हणेल, हे कामगारांचे झाले, आम्हा शेतकऱ्यांना कुठले आले पेन्शन? अगदी बरोबर. श्रावणबाळ योजनेचे अनुदान 2023 मध्ये हजाराचे दीड हजार झाले, पण त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट 21,000 रुपयांची. ऊस लावणारा त्यात बसायचा कसा? जमीन पोराच्या नावावर, बिल पोराच्या खात्यात आणि म्हातारा-म्हातारी वेगळ्या चुलीवर, अशी घरे आपल्या प्रत्येक गटात आहेत.

पूर्वी सरपण फुकट मिळे. बांधावर बाभळ होती, गोठ्यात जनावरे होती, शेणी थापल्या जात. आता बांध उसाखाली गेले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. पाचट रानातच कुजवा, हे आम्हीच याच पानावरून सांगत आलो, आणि ते जमिनीच्या भल्याचेच आहे. पण त्यामुळे म्हातारीच्या बंबाचे जळण तेवढे कमी झाले, हेही कबूल केले पाहिजे.

मुलुखामुलुखाप्रमाणे हा खर्च बदलतो, पेन्शन मात्र सगळीकडे सारखे. आपल्याकडे खर्च पहाटेच्या गारठ्याचा. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला विजेचे अर्धे युनिट लागते. दोघांच्या आंघोळीचे महिन्याला तीस युनिट झाले. विदर्भात प्रश्न उलटा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की कूलर ही चैन राहत नाही. दोनशे वॅटचा कूलर रोज दहा तास चालला की महिन्याला साठ युनिट चढतात. मग एरवी शंभराच्या आत राहणारे बिल शंभर ओलांडते, आणि वरच्या युनिटांचा दर बराच चढा असतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने सरपण वाळत नाही. गॅसची टाकी वाहतुकीमुळे मुंबईपेक्षा गडचिरोलीला महाग. शिवाय विजेचा स्थिर आकार सात माणसांच्या घराला जेवढा, तेवढाच एकट्या म्हातारीला. ती एक दिवा लावो की चार, तो आकार भरायचाच.

ब्रिटनसारख्या थंड देशात 1997 पासून वृद्धांना हिवाळ्यातल्या ऊबेसाठी वेगळी रक्कम मिळते. 2024 मध्ये तिथल्या सरकारने ती बहुतेकांची बंद केली, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि 2025 मध्ये माघार घ्यावी लागली. आपल्याकडे थंडीपेक्षा ऊन जास्त मारते. मग वृद्धांच्या पेन्शनमध्ये जळण आणि वीज यांचा भाग त्या त्या मुलुखाच्या हवामानाप्रमाणे वेगळा धरावा, अशी मागणी आपण का करू नये? तसा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातातले दोन उपाय आहेत. एक, महिन्यातून एका बाजारच्या दिवशी गट कार्यालयात कारकून बसवून वृद्धांचे हयातीचे दाखले, गॅसचे केवायसी आणि वीजबिलांच्या तक्रारी निकाली काढाव्यात. अंगठा उमटत नाही म्हणून कोणाचे पैसे अडू नयेत. दुसरा, फेब्रुवारी 2024 पासूनच्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30,000 रुपये अनुदान आहे. वरची रक्कम निवृत्त कामगार आणि वृद्ध सभासदांना पतसंस्थेने सोप्या हप्त्याने द्यावी.

सभासदाला सवलतीची साखर देताना आपण कधी हात आखडला नाही. पण ती साखर घालून चहा उकळायलाही जाळ लागतो. ज्यांनी शेअरचे पैसे दागिना मोडून भरले, त्यांच्या चुलीत तो जाळ राहावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. सभासदांनी आणि संचालक मंडळाने विचार करावा, ही नम्र विनंती.