दोन घरे, एक क्रमांक

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या इंदूरच्या मराठी कुटुंबांत एक नवी राहणी रुजली आहे. मुले शिक्षणासाठी पुण्यास गेली, तेथेच नोकरीस लागली आणि तेथलीच झाली. आईवडिलांनी रामबागेतले किंवा लोकमान्य नगरातले घर सोडले नाही. परंतु मुलाच्या घराजवळ एक लहानशी जागा घेतली. आता वर्षाचे काही महिने इकडे, काही महिने तिकडे. इंदूर-पुणे गाडीत दिवाळीच्या सुमारास चढावे, तर डब्यात निम्मे चेहरे ओळखीचे निघतात. आम्हा डॉक्टर मंडळींतही निवृत्तीनंतर असे 'द्विगृही' झालेले सभासद पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक.

दोन घरे चालवायची म्हणजे दोन वीजबिले, दोन गॅसजोडण्या, दोन वर्तमानपत्रवाले. या यादीत दूरचित्रवाणी आणि दूरध्वनी ही जोडी आपण एका ओळीत लिहितो. दोन्हींची बिले सारखीच येतात, दोन्ही बंद घरात निरुपयोगी वाटतात, म्हणून दोन्हींचा विचार आपण एकाच दृष्टीने, म्हणजे पैसे कसे वाचतील या दृष्टीने करतो. ही चूक आहे असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मला स्वतःच्या चुकीतून आलेले आहे. म्हणून ती चूक प्रथम सांगतो.

२०१३ साली दवाखाना बंद करून आम्ही उभयता गणपतीनंतर पुण्यास गेलो. नातू झाला होता. संक्रांतीपर्यंत राहायचे ठरले होते. निघण्यापूर्वी मी व्यवस्थित माणसासारखी सर्व व्यवस्था लावली. आमच्या सौभाग्यवतींच्या मराठी मालिका चुकू नयेत म्हणून डिशवाल्याकडे तीनदा चौकशी केली. येथली सेटटॉप पेटी पुण्यास नेता येईल काय, छत्री नवी बसवावी लागेल काय, पत्ता कोठे कळवायचा, हे सारे विचारून घेतले. दूरध्वनीचे काम मात्र एका अर्जात उरकले. घर बंद असता भाडे कशाला भरा, म्हणून लँडलाइन 'सेफ कस्टडी'त ठेवली. त्या सोयीत क्रमांक आपल्याच नावे राखून ठेवला जातो, परंतु तेवढ्या काळात त्यावर फोन लागत नाही. इंदूरचा मोबाइलही बंद केला. कारण त्या काळी दुसऱ्या राज्यात गेले की येणाऱ्या फोनलाही रोमिंगचे पैसे पडत. पुण्यात नवे सिम घेतले आणि तो क्रमांक नातेवाइकांना कळवला.

रुग्णांना कळवला नाही. दवाखाना बंद झाला होता, पुढे कोणाकडे जायचे ते मी प्रत्येकाला सांगितले होते, माझे कर्तव्य संपले असे मी धरून चाललो.

माझे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, यांच्या हृदयात मायट्रल झडपेच्या जागी कृत्रिम धातूची झडप होती आणि ते अनेक वर्षे वॉरफेरिन घेत होते. त्या हिवाळ्यात त्यांची दाढ काढायची ठरली. दंतवैद्यांनी योग्य तेच सांगितले की रक्त पातळ करणाऱ्या गोळीसंबंधी आपल्या डॉक्टरांना विचारून या. नव्या डॉक्टरांची अद्याप त्यांना सवय झाली नव्हती. एवढ्याशा प्रश्नासाठी रांगेत कशाला बसायचे, आपल्या डॉक्टरसाहेबांना घरी फोन करू, असे त्यांच्या मनात आले. सूनबाईंनी दोन दिवस फोन लावून पाहिला. लागला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच्याच विचाराने गोळी बंद केली. दाढ निघाली, रक्तस्राव झाला नाही, म्हणून धीर येऊन आणखी काही दिवस बंदच ठेवली. नवव्या दिवशी सकाळी चहा मागताना शब्द उच्चारेना आणि उजव्या हातातून कप पडला.

मला फोन लागला असता तर उत्तरास दोन मिनिटे पुरली असती. आय.एन.आर. तपासून घ्या, तो योग्य मर्यादेत असेल तर साध्या दाढेसाठी गोळी बंद करू नका, एवढेच सांगायचे होते. संक्रांतीला परतल्यावर मी त्यांना भेटावयास गेलो. बोलणे बरेच सुधारले होते, हातात मात्र जोर नव्हता. त्यांनी डाव्या हाताने तिळगूळ दिला आणि म्हणाले, ''डॉक्टरसाहेब, फोन लागला नाही.'' तक्रारीचा सूरही नव्हता. दूरध्वनी खात्याने माझ्या अर्जाप्रमाणे केले, दंतवैद्यांनी त्यांचे काम केले. दोष माझ्याकडेच उरतो. मालिका चुकू नये म्हणून मी तीनदा चौकशी केली होती; रुग्णाचा फोन चुकू नये म्हणून एकदाही केली नव्हती.

आता मूळ विषयाकडे येतो. दूरचित्रवाणीचा प्रश्न हा सोयीचा प्रश्न आहे आणि तो सोयीनेच सोडवावा. उपग्रहाची सेवा देशभर दिसते. त्यामुळे इंदूरची पेटी पुण्यात तांत्रिकदृष्ट्या चालते, फक्त त्याच कंपनीची छत्री तेथे योग्य दिशेस बसवलेली हवी आणि स्थलांतर कंपनीस कळवलेले हवे. एका जोडणीवर दुसरा संच सवलतीत मिळतो ही सोय एकाच घरातील दोन संचांसाठी असते, दोन गावांतील दोन घरांसाठी नव्हे. येथे अनेकांची गल्लत होते. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या आपापल्या निवडून घेण्याची पद्धत लागू झाली, तेव्हापासून इंदुरात मराठी वाहिन्यांसाठी केबलवाल्याची मनधरणी करण्याचे दिवस गेले. ज्यांना दुसऱ्या घरी महिना-दोन महिनेच राहायचे आहे त्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत; दूरदर्शनची 'फ्री डिश' घ्यावी. तिला मासिक शुल्क नाही आणि तीवर सह्याद्री वाहिनी दिसते. बंद घरातील जोडणी काही काळ स्थगित ठेवता येते काय, तेही निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

एवढे मात्र म्हणेन की वृद्ध माणसाच्या बाबतीत या सोयीला कमी लेखू नये. परक्या गावात, दिवसभर मुले कामावर असताना, ओळखीचा आवाज घरात असणे ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या घरी तर गंमतच आहे. इंदुरात असलो की मराठी कार्यक्रम हवे असतात आणि पुण्यास गेलो की मला इंदूरच्या हिंदी स्थानिक बातम्यांवाचून चैन पडत नाही. तरीही, संच आठ दिवस बंद राहिला तर आपण थोडे कुरकुरतो आणि पुस्तक उघडतो. कोणाचा हात त्यामुळे लुळा पडत नाही.

दूरध्वनीचा प्रश्न वेगळा आहे. तो आम्हा डॉक्टरांपुरता तर वैद्यकीय प्रश्न आहेच. परंतु साठी उलटलेल्या, औषधांवर असलेल्या प्रत्येक द्विगृही माणसाच्या बाबतीतही तो तसाच आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की घरे दोन असावीत, क्रमांक एक असावा, आणि तो कोणत्याही महिन्यात बंद नसावा.

पूर्वी हे कठीण होते. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दूरसंचाराची दोन वेगळी मंडळे. कंपनी बदलूनही क्रमांक तोच ठेवण्याची सोय २०११ साली देशभर आली ती मंडळाच्या आतपुरतीच. ३ जुलै २०१५ पासून ती मंडळाबाहेरही लागू झाली. आता रोमिंगचा भुर्दंडही राहिलेला नाही. इंदूरचा क्रमांक पुण्यात खुशाल वाजतो. मग दुसरे सिम घ्यायचेच असेल तर ते इंटरनेटसाठी घ्यावे. लोकांना द्यायचा क्रमांक बदलू नये.

जुने सिम टेबलाच्या खणात टाकून ठेवणे हे तर सर्वांत धोक्याचे. रिचार्जची मुदत संपली की काही दिवसांनी येणारे फोनही थांबतात. नव्वद दिवस वापर नसेल तर क्रमांक बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. बँक, निवृत्तिवेतन, आधार, आरोग्य विमा, सर्वांचे संदेश त्याच क्रमांकावर येत असतात. रुग्णालयात दाखल होण्याच्या दिवशी विम्याचा संदेश खणातल्या सिमवर जातो आहे, अशा अडचणीत सापडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

लँडलाइन ठेवायची असल्यास घर बंद असताना तिचे फोन मोबाइलवर वळवून घ्यावेत. थोडे पैसे पडतील, ते पडू द्यावेत. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे. घरची वीज गेली तरी तो चाले. आता फायबरवर येणारा फोन घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की तोही मुका होतो. ज्या घरात हृदयरोगी किंवा दमेकरी आहे तेथे त्या पेटीसाठी लहानसा बॅटरी-संच असावा. तसेच १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. तरुणांना हे माहीत आहे. मुलाचा क्रमांक पाठ असलेल्या आजीला ते कोणी सांगितले आहे काय?

आणि शेवटी पत्ता. १०८ ची रुग्णवाहिका मध्य प्रदेशातही आहे, महाराष्ट्रातही आहे. ११२ देशभर आहे. परंतु पलीकडून पहिला प्रश्न येतो, 'कोठून बोलता?' इंदुरात आपण अर्ध्या झोपेतही सांगू, अमक्या वाड्यासमोर, तमक्या गल्लीत. पुण्याच्या घरी संकुलाचे नाव, इमारतीचा क्रमांक, मजला, जवळची खूण, हे घाबरलेल्या माणसास आठवत नाही. प्रत्येक घरी फोनजवळ मोठ्या अक्षरांत पत्ता, रक्तगट नव्हे तर चालू औषधांची यादी, आणि त्या गावातील एका डॉक्टरांचा क्रमांक चिकटवलेला असावा. रक्तगट रुग्णालय स्वतः तपासतेच. वॉरफेरिन चालू आहे हे मात्र कोणीतरी सांगावे लागते.

या निमित्ताने आपल्या संस्थेस दोन सूचना कराव्याशा वाटतात. सभासदांच्या सूचीत 'दुसरा पत्ता आणि तेथील महिने' असा एक रकाना असावा. दुसरी सूचना आपणा सर्व व्यवसायबंधूंस आहे. बाहेरगावी जाणाऱ्या वृद्ध रुग्णास आपण तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून देतो. त्याच चिठ्ठीवर त्याने तेथे कोणाला विचारावे आणि आपणांस कोणत्या क्रमांकावर विचारावे, हेही लिहावे. निवृत्त होणाऱ्याने तर दवाखान्याची पाटी उतरवण्याआधी हे करावे.

आम्ही दर वर्षी दोन घरांत राहतो. संच कधी येथे बंद असतो, कधी तेथे. माझा इंदूरचा क्रमांक मात्र बारा महिने चालू असतो. मास्तरांचा फोन महिन्यातून एकदा तरी येतो. बहुधा काही विशेष नसते. लागतो की नाही एवढेच पाहतात, असे मला वाटते.