मधुमेहाची नवी यंत्रे : चाचण्यांचे आकडे नीट वाचूया

दंडावर चिकटवायचा सेन्सर, पोटावर लावायचा इन्सुलिन पंप, दोन्ही एकमेकांशी बोलून आपोआप डोस ठरवणारी यंत्रणा. अशा बातम्या आता मोबाइलवर रोज येतात आणि मंडळातल्या घरांत प्रश्न निघतो : ‘आईची शुगर काही केल्या उतरत नाही, हे घ्यायचे का?’ आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३ मधील अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यामुळे प्रश्न घरोघरचा आहे.

आधी चाचण्या पाहू. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी तपासणीवर त्यांचा निकाल ठरतो. २०१४ च्या ऑप्टिमाइज चाचणीत शुगर आटोक्यात नसलेले ३३१ रुग्ण होते. पंपवाल्यांचा आकडा १.१ने उतरला, दिवसातून अनेकदा इंजेक्शन घेणाऱ्यांचा ०.४ने. २०२१ च्या मोबाइल चाचणीत सेन्सर वापरणारे आठ महिन्यांत ९.१ वरून ८.० वर आले, तर बोट टोचून तपासणारे ९.० वरून ८.४ वर. २०२५ मध्ये अमेरिका व कॅनडातील ३१९ जणांवरील आपोआप डोस देणाऱ्या पंपाचा निकाल आला. तिथे १३ आठवड्यांत ८.२चे ७.३ झाले, दुसऱ्या गटात ८.१चे ७.७.

म्हणजे यंत्राचा फायदा खरा आहे. पण ज्यांना नवे यंत्र मिळाले नाही, त्यांचीही शुगर उतरली. चाचणीत ठरलेल्या तारखेला तपासणी होते, कोणीतरी विचारपूस करते, डोस वेळेवर बदलला जातो. या देखरेखीचा वाटा त्यात असणारच, आणि ती यंत्राशिवायही मिळू शकते. दुसरे म्हणजे, तिन्ही चाचण्यांतले रुग्ण आधीपासून इन्सुलिनवर होते. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

कडोदऱ्यात आपली कितीतरी माणसे लूमच्या खात्यात आणि डाइंग मिलमध्ये पाळीने काम करतात. आठवड्याला पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते, गोळीची चुकते. सेन्सर हा गोंधळ दाखवील, मिटवणार नाही. शिवाय नेहमीचा सेन्सर साधारण १४ दिवसांनी बदलावा लागतो, म्हणजे खर्च चालूच राहतो. म्हणून आधी डॉक्टरांना आपली पाळी सांगा, वेळापत्रक बसवून घ्या, तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. एवढे करूनही आकडा हटला नाही, तर यंत्राचा विचार जरूर करावा. मनाने मात्र औषध बंद करू नये.

चाचणी कशासाठी लागते, याचेही उदाहरण आहे. लहान आतड्यात बसवायच्या एंडोबॅरियर या नळीकडून मोठ्या आशा होत्या. अमेरिकेतील तिची चाचणी २०१५ मध्ये थांबवली गेली, कारण काही रुग्णांच्या यकृतात पू झाला. शुगर उतरवणारी वस्तू सुरक्षितही असतेच असे नाही.

उद्या आपल्यापैकी कोणाला अशा चाचणीत बोलावले, तर घाबरू नये आणि भारावूनही जाऊ नये. ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियावर नोंदलेली आहे का, नीतिसमितीची मान्यता आहे का, हे विचारा. संमतिपत्र आपल्याला समजेल त्या भाषेत मिळणे हा हक्क आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना गुजराती वाचता येत नसेल, तर मराठीत मागा. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे, आणि कधीही बाहेर पडता येते. सही करण्यापूर्वी कागद घरी आणा, मुलांना वाचायला सांगा. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.