वेलकम ड्रिंकमध्ये एक तरी फूल असू द्या

लग्नाचं जेवण ठरवायला लोक येतात तेव्हा वडाभात ठेवायचा की मसालेभात, मठ्ठा की कढी, यावर तासभर खल होतो. वेलकम ड्रिंकचं विचारलं की मात्र मुलीचे वडील हात झटकतात. "ते तुमचं नेहमीचं ठेवा ताई, लाल नाहीतर निळं." लाल म्हणजे गुलाब आणि निळं म्हणजे ब्लू कुरासाव. नागपुरात केटरिंग करताना या दोन्ही बाटल्या मी खोक्यांनी उघडल्या आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला नक्कीच आहे. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. स्वस्तातल्या गुलाबी सिरपमध्ये साखर, पाणी, सायट्रिक ॲसिड, कृत्रिम स्वाद आणि 122 क्रमांकाचा लाल रंग. निळ्यात 133 क्रमांकाचा. हे रंग ठरलेल्या मर्यादेत कायद्याला चालतात, त्यामुळे त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण एवढंच आहे की बाहेर टपोऱ्या गुलाबाचं चित्र आणि आत पाकळी औषधालासुद्धा नाही.

आणि हे आपण पाजतो कधी? फेब्रुवारी ते मे या लग्नसराईत. म्हणजे उमरेडच्या, भंडाऱ्याच्या रस्त्याला पळस फुललेला असतो, पाठोपाठ मोह गळायला लागतो, परसात गावठी गुलाब आणि जास्वंद असतेच, नेमक्या त्या दिवसांत. वसंतातल्या लग्नात किंवा चैत्रातल्या हळदीकुंकवाला पाहुण्याच्या हाती पडणारा पहिला पेला खऱ्या फुलाचा असावा, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी हॉटेल मॅनेजमेंट शिकावं लागत नाही. आदल्या रात्री फुलं भिजत घालायची आठवण ठेवावी लागते, इतकंच.

पळसापासून सुरुवात करते, कारण माझं माहेर साकोलीकडचं. तिकडे होळीच्या सुमाराला पळसाची फुलं उकळून रंग करायचे आणि त्याच पाण्याने पोरांना आंघोळ घालायचे, ऊन बाधू नये म्हणून. त्याचंच सरबतही करतात. फूल हातात घेतलं की बुडाशी काळपट, मखमली भाग लागतो. तो आणि आतले पुंकेसर काढून टाकायचे, ते ठेवले तर तुरटपणा वाढतो. राहिलेल्या केशरी पाकळ्या मिठाच्या पाण्यातून काढायच्या म्हणजे मुंग्या निघून जातात. अशा दोन मुठी पाकळ्या लिटरभर कोमट पाण्यात रात्रभर ठेवायच्या. सकाळी पाणी गडद केशरी झालेलं असतं. पातळ फडक्यातून गाळून त्यात खडीसाखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायची आणि अगदी शेवटी लिंबू. लिंबू पडलं की केशरी उतरून उजळ पिवळा रंग येतो. खरं सांगायचं तर पळसाला वास नाही आणि चवही बेताचीच, किंचित तुरट. माझ्या लेखी तो त्याचा गुण आहे. पुदिना घाला, आलं घाला, तो कशाशीही भांडत नाही.

वैशाखातल्या लग्नाला पळस कुठून आणायचा, असं कुणी विचारेल. फाल्गुनातच पाकळ्या सुपात पसरून सावलीत कडकडीत वाळवायच्या आणि कोरड्या बरणीत भरायच्या. उन्हात वाळवल्या तर रंग फिका पडतो. वाळलेल्या पाकळ्यांची एक मूठ लिटरभर पाण्याला पुरते, फक्त त्या भिजवण्याऐवजी पाच मिनिटं उकळायच्या.

जास्वंदीची गंमत वेगळी. तिचं सरबत मी मुद्दाम पाहुण्यांसमोर करायला लावते. गावठी, एकेरी पाकळ्यांची लाल जास्वंद घ्यायची. हिरवा देठ आणि परागांची दांडी काढून टाकायची आणि पाकळ्यांवर कडक पाणी ओतायचं. पाकळ्या पांढुरक्या पडतात आणि पाणी जांभळट होतं. या क्षणी ते पाणी कुणालाही प्यावंसं वाटत नाही. मग लिंबू पिळायचं. थेंब पडतील तिथून लाली पसरते आणि चमचा फिरवेपर्यंत सगळं भांडं लालभडक. फुलातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबटाशी गाठ पडली की रंग बदलतं, त्याची ही करामत. पाकळ्या फार वेळ उकळू नका, पाणी बुळबुळीत होतं.

इथे एक घोळ निस्तरायला हवा. कॅफेत हिबिस्कस टी म्हणून जे आंबट लाल पेय मिळतं ते आपल्या देवाच्या जास्वंदीचं नसतं. ते लाल अंबाडीच्या बोंडावरच्या मांसल, लाल आवरणाचं असतं. विदर्भात अंबाडीची भाजी, चटणी आणि सरबत घरोघरी माहीत आहे. तीच अंबाडी छान डबीत घालून इंग्रजी नावाने आली की आपण तिची किंमत न बघता ती टोपलीत टाकतो. गोकर्णाचंही तेच. पावसाळ्यापासून कुंपणावर फुकट फुलणारी ही निळी फुलं वाळवून ठेवली तर वर्षभर पुरतात आणि लिंबू पिळल्यावर त्यांचं निळं पाणी जांभळं होतं. पण आम्ही ब्लू टीची पाकिटं मागवणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आता मोह. खरं तर हा सगळा लेख मी त्याच्यासाठी लिहायला घेतला. एका लग्नात मोहाचं सरबत ठेवलं होतं. मुलाच्या काकांनी पेला नाकाशी नेला, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताई, यात काही नाही ना?" आलं आणि लिंबू आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरासा उतरला, तो भाग निराळा. पण शहरातल्या माणसाला मोह म्हटलं की फक्त हातभट्टी आठवते, हे त्या झाडावर अन्याय करणारं आहे. गोंदिया-गडचिरोलीकडे चैत्रात पहाटे बायका टोपल्या घेऊन मोहाखाली जातात, कारण हे फूल रात्री उमलतं आणि उजाडता उजाडता गळतं. फिकट पिवळसर, मांसल, रसाने भरलेलं. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. त्या फुलांच्या पोळ्या होतात, लाडू होतात, टंचाईच्या दिवसांत त्यावर घरं तगली आहेत.

या फुलावर संशय घ्यायची सवय जुनी आहे. इंग्रज सरकारने 1892 मध्ये मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, कारण घरी गाळलेल्या दारूमुळे त्यांचा अबकारी महसूल बुडत होता. स्वातंत्र्यानंतरही फुलं साठवण्या-नेण्यावर बंधनं राहिली. महाराष्ट्र सरकारने ती शिथिल केली 2021 मध्ये. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती असावीच, बायकांनी ती झगडून मिळवली आहे. पण म्हणूनच मोहाला दारूखेरीज दुसरं गिऱ्हाईक हवं. तुमच्या-माझ्या घरातलं सरबत हे ते गिऱ्हाईक होऊ शकतं.

करायला ते सगळ्यांत सोपं. वाळलेली मोहफुलं निवडून, आतले केसर झटकून दोन-तीनदा धुवायची, तासभर भिजवायची, त्याच पाण्यात आलं ठेचून दहा मिनिटं उकळायची, गाळायची, गार झाल्यावर लिंबू आणि मीठ. साखरेचा दाणा घालावा लागत नाही. रंग चहासारखा तपकिरी, वास उग्र गोड, तो काहींना पहिल्यांदा चढतो. म्हणून मी त्यात ताजा पुदिना घालते. त्याच दिवशी संपवायचं. उन्हाळ्यात ते बाहेर राहिलं की आंबायला लागतं आणि मग काकांची शंका खरी ठरेल.

माझ्या धंद्यातले लोक म्हणतील, हिशेब जमत नाही. जमतो. 100 पाहुण्यांना 200 मिलीचा पेला धरला तर 20 लिटर सरबत लागतं. म्हणजे पळसाच्या 40 मुठी ताज्या पाकळ्या किंवा 20 मुठी वाळलेल्या. बाटली उघडून पाण्यात ओतण्यापेक्षा मेहनत जास्त आहे हे कबूल, पण ज्या लग्नात चाटच्या सहा काउंटरांवर माणसं उभी करतो तिथे पाकळ्या निवडायला दोन बायका जड होत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सगळे फुलं ओरबाडायला लागले तर पाखरांनी काय करायचं? पळसाच्या मधावर मैना, कोतवाल, सूर्यपक्षी आणि खारी जगतात. म्हणून फांदी मोडायची नाही. संध्याकाळी झाडाखाली जुनी स्वच्छ साडी अंथरायची आणि सकाळी जे पडेल ते आपलं. मोहाखाली तर साडीचा किंवा जाळीचा आणखी एक फायदा आहे. फुलं सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि तीच आग कधी कधी रानभर पसरते. जाळी असली की काडी ओढायची गरज नाही. मोह विकत घ्यायचा तर जंगलावर हक्क असलेल्या ग्रामसभेकडून किंवा गावातल्या बचत गटाकडून घ्यावा. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर या लोकांची मालकी मानली आहे, तेव्हा भावही त्यांना विचारून ठरवावा.

आणि काही गोष्टींना मी साफ नाही म्हणते. हारवाल्याकडची फुलं सरबतात घालू नका, त्यांच्यावर फवारे मारलेले असतात. हायवेच्या कडेची धुळीने माखलेली नकोत. कण्हेर, पिवळी बिट्टी, धोतरा, रुई ही विषारी फुलं आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. जे फूल घरातल्या मोठ्या माणसांना ओळखता येत नाही ते पेल्यात जाता कामा नये. गरोदर बाईला पळस-जास्वंदीचं सरबत देऊ नये. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी अंबाडीचं सरबत रोज प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. कुणालाही नवं फूल आधी अर्धा पेलाच द्यावा.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं द्यायची आपली रीत आहे. ती मोडायची नाही. पण हल्ली पन्ह्याच्या जागी जी फसफसणारी बाटली येऊन बसली आहे, तिला उठवून तिथे पळस किंवा मोह बसवा. घरात लग्न असेल तर केटररला आत्ताच सांगून ठेवा, कारण पळस तुमच्या मुहूर्तासाठी थांबत नाही. केटरर म्हणेल, फुलांचं सरबत आमच्या मेन्यूत नाही. मग त्याला सांगा, आम्ही फुलं आणून देतो, तुम्ही फक्त गाळा. गिऱ्हाइकाने मागितलं की मेन्यू बदलतो, हे मी माझ्या धंद्यावरून सांगते.