फेस, बादली आणि समोरच्या काकूंचा हंडा

गाडी घेतली की गाडीबरोबर तिची हौसही घरात येते. आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी जुनी वॅगन आर आली. घेतानाच ती सात वर्षांची होती, पण धाकट्या चिरंजीवांच्या लेखी ती नवरीच. आधी सीट कव्हर झाले, मग आरशाला लटकवायचे अत्तर झाले, आणि गेल्या महिन्यात फेसाचा पंप आला. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, वर हाताने दाबायचा दट्ट्या आणि पुढे जाड तोंडाची नळी. आत पाणी आणि गाडीचा शाम्पू घालायचा, दहा-वीस वेळा दट्ट्या मारायचा आणि खटका दाबला की साबणाचा पांढरा फेस गाडीवर जाऊन बसतो.

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत नळ आला. बार्शीटाकळीत सगळीकडे सारखी स्थिती नसेल, पण आमच्या गल्लीत नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो आणि तास-दीड तास राहतो. नळाला आमची छोटी मोटर जोडलेली होती. गल्लीत जवळजवळ सगळ्यांचीच असते, असे आम्ही स्वतःला समजावत आलो होतो. मोटर सुरू झाली, टाकीला पाणी चढू लागले, आणि मुलाने दुसरा पाइप घेऊन गाडी धुवायला काढली. फेस उडाला, गल्लीतली लहान मुले गोळा झाली, गाडीवर बोटांनी नावे काढू लागली. आम्ही ओट्यावर सहावीच्या वह्या तपासत बसलो होतो. धडा होता पाण्याच्या बचतीचा.

तेवढ्यात समोरच्या काकू दारात आल्या. एकट्या राहतात. हातात रिकामा हंडा. त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार होती, तीही थांबली होती. रागाने काही बोलल्या असत्या तर आम्हीही चार शब्द बोललो असतो. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘झालं का रे बापा गाडी धुनं? झालं असन त मोटर बंद कर, माया एक हंडा भरू दे.’’

मुलाने मोटर बंद केली. काकूंची धार परत आली. आमच्या हातातली लाल शाई मात्र वहीवर तशीच थांबली.

त्या दिवसापासून घरात या फेसाच्या पंपाची चर्चा झाली. मुलाचे म्हणणे, ‘‘अब्बू, हा पंप पाणी वाचवतो, म्हणून तर घेतला.’’ मग आम्ही मास्तरकी काढली आणि मोजून पाहायचे ठरवले. पंधरा लिटरची बादली पाइपखाली धरली. ती एका मिनिटात भरली. गाडी धुताना पाइप वीस मिनिटे चालू होता, म्हणजे तीनशे लिटर पाणी गेले. सरकारच्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे असे धरले आहे. पाच माणसांच्या घराचे २७५ लिटर होतात. आमच्या गाडीने एका सकाळी त्याहून पंचवीस लिटर जास्त घेतले होते.

आता पंपाचा दोष किती? पंपात तर दोन लिटरही मावत नाही. खरी गोष्ट अशी की फेस स्वतः पाणी वाचवत नाही. उलट गाडीवर फेस जितका दाट, तितके तो उतरवायला पाणी जास्त लागते. फेस मारून नंतर पाइप सोडून दिला तर साध्या धुण्यापेक्षाही पाणी वाढते. पाणी वाचते ते बादलीने, कारण बादलीला तळ असतो.

मग फेसाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो रंगासाठी आहे. आपल्या वऱ्हाडातली काळी माती चिकट. पावसाळ्यात ती चाकांपासून दारापर्यंत थापली जाते, उन्हाळ्यात तिचीच बारीक धूळ होऊन काचेवर बसते. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कठीण असतात. कोरड्या फडक्याने गाडी झटकली की आपण ते कण रंगावर घासतो. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या बहुतेक अशाच आलेल्या असतात. शाम्पूच्या फेसातल्या रेणूंचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलकट मळाला. चार-पाच मिनिटांत मळ सैल होतो, कण रंगापासून सुटतात आणि हात कमी घासावा लागतो. फेसाचे काम एवढेच.

आता आमच्या घरी जी पद्धत बसली आहे ती सांगतो. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना उपयोगी पडेल.

गाडी सावलीत उभी करावी. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बोनेट तव्यासारखे तापते. त्यावर फेस मिनिटात वाळतो आणि डाग सोडतो. म्हणून वेळ फज्रनंतरची किंवा असरनंतरची ठेवावी, आणि इंजिन थंड असावे.

आधी एका बादलीतून मगाने वरून खाली पाणी ओतावे, म्हणजे मोकळी धूळ उतरते. मग पंप भरावा. बाटली काठोकाठ भरू नये. वरच्या रिकाम्या जागेतली दाबलेली हवाच फेस बाहेर ढकलते, त्यामुळे पाऊण बाटली पुरे. शाम्पू डब्यावर लिहिलेल्या मापाने घालावा, अंदाजाने धार सोडू नये. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये, त्याने गाडीवरचे मेण निघून जाते आणि रंग निस्तेज होतो. बाटलीत दाब असताना झाकण फिरवू नये. आधी दाब सोडायचे बटण असते, ते ओढावे. मुले पंपाशी खेळतात, त्यांना हे जरूर शिकवावे.

फेस मारून चार-पाच मिनिटे थांबावे, वाळू मात्र देऊ नये. मग अर्ध्या बादलीत मऊ, केसाळ कापड बुडवून छतापासून खाली सरळ हाताने पुसत यावे. गोल गोल घासू नये. चाकांचे कापड वेगळे ठेवावे, कारण तिथे ब्रेकची लोखंडी भुकटी असते. शेवटी दुसऱ्या बादलीतून मगाने फेस उतरवावा आणि लगेच कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्यावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. पाणी आपोआप वाळू दिले की पांढरे ठिपके राहतात आणि मग लोक पुन्हा धुवायला घेतात.

या सगळ्याला आमच्या मोजणीने सुमारे चाळीस लिटर लागले. तीनशेच्या जागी चाळीस. गाडी तेवढीच स्वच्छ झाली, हे मुलानेही मान्य केले.

एक इशारा शेतकरी घरांसाठी. घरात कपाशीच्या फवारणीचा पंप असतो आणि वाटते की यातच शाम्पू घालावा. कृपा करून तसे करू नका. पंप कितीही विसळला तरी औषधाचा अंश नळीत आणि वायसरमध्ये राहतो. तो तुषार आपल्या श्वासात जातो, दारांच्या मुठींवर बसतो, आणि त्याच मुठी मुले धरतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. पाणी कमी आहे म्हणून जपून वापरा, हे सरकारही सांगते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पाण्याची टंचाई झाली तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी आली आणि पाच हजार रुपये दंड ठरला. आपल्या महाराष्ट्रात एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा टँकर होते आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आपल्या तालुक्यात तर महानला काटेपूर्णा धरण आहे, अकोला शहर त्याच्यावर पाणी पिते. तरी उन्हाळ्यात आपल्याच गल्लीत हंडे रांगेत लागतात. पण दंड आणि टंचाई ही बाहेरची कारणे झाली. टंचाई संपली की दंड उठतो आणि पाइप पुन्हा सुटतो.

आपल्या दीनमध्ये हा हिशेब टंचाईवर सोडलेला नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत येते की प्यारे नबी (स.) एका मुद पाण्यात वुजू करत आणि एका साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करत. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. आजच्या मापाने पाऊण लिटरपासून लिटरभर धरतात, आलिमांच्या हिशेबात थोडा फरक आहे. एक साअ म्हणजे चार मुद. इबादतीसाठी, पाकीसाठी पाणी घेताना ही मोजदाद. आणि आम्ही पत्र्याच्या गाडीवर तीनशे लिटर ओतत होतो. मशिदीत वुजू करताना नळ सोडून गप्पा मारणारेही आपणच आहोत, हेही या निमित्ताने कबूल करू.

आणि पाण्याच्या पुढे शेजाऱ्याचा हक्क आहे. तो हक्क फक्त मुसलमान शेजाऱ्यापुरता नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरा कापला गेला तेव्हा त्यांनी घरच्यांना आधी आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे हिस्सा पोहोचला का, हे पुन्हा पुन्हा विचारले, असे हदीसच्या किताबांत आहे. आम्ही दर ईदला काकूंच्या घरी शीरखुर्म्याचा वाटा पाठवतो आणि शेजारधर्म पाळल्याचे समाधान मानतो. पण त्यांच्या नळाचे पाणी आमच्या मोटरीने ओढून घेत होतो. एका हाताने वाटी द्यायची आणि दुसऱ्या हाताने हंडा काढून घ्यायचा, याला काय म्हणावे? ‘सगळेच लावतात’ हे उत्तर आम्ही वर्गात कोणत्याही मुलाकडून चालवून घेत नाही.

नळाला थेट मोटर लावणे नियमाच्याही विरुद्ध आहे, हे आम्हाला माहीत होते. ती मोटर आम्ही काढली. सोपे गेले नाही. पहिल्या खेपेला टाकी अर्धीच भरली आणि घरात कुरबुर झाली. अम्मीच्या आंघोळीचे पाणी पुरेना, कपडे एक दिवस पुढे गेले. मग खाली एक हौद बसवला. नळाचे पाणी आपल्या दाबाने हौदात पडते आणि तिथून आमची मोटर ते वर चढवते. खर्च झाला, पण हे पाणी आमच्या वाट्याचे आहे, एवढे मनाला माहीत असते. गल्लीतल्या इतर मोटरी अजून आहेत. आम्ही कोणाला उपदेश केलेला नाही. दोघांनी मात्र हौदाचा खर्च विचारून घेतला आहे.

गाडी आता नळाच्या दिवशी धुवायची नाही, असा घरचा नियम झाला. पंधरा दिवसांतून एकदा, दोन बादल्या आणि अर्धी. पहिल्या बादलीचे मातीचे पाणी दारातल्या लिंबाच्या आळ्यात जाईल अशी गाडी लावतो. फेसाचे पाणी गल्लीत पसरू न देता नालीकडे वळवतो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय घसरत नाही. रस्त्यातली इजा दूर करणे हा ईमानचाच भाग आहे, हे तर लहानपणापासून ऐकत आलो.

गेल्या वेळी नळ आला तेव्हा मुलगा आधी काकूंच्या दारात गेला आणि धार बघून आला. परत आल्यावर आम्हाला म्हणाला, ‘‘अब्बू, बरी आहे.’’ गाडी तशीच धुळीने भरलेली उभी होती. शुक्रवारी धुऊ.

अल्लाह आपल्याला पाण्याची आणि शेजाऱ्याची कदर करण्याची तौफीक देवो. आमीन.