रत्नागिरीने नेमके काय जपायचे?

१/ रत्नागिरीच्या थिबा पॅलेसला पर्यटक राजवाडा समजतात. प्रत्यक्षात ती एका कैद्यासाठी बांधलेली वास्तू आहे. नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रिटिशांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले.

२/ पहिली चोवीस वर्षे त्याने अन्य बंगल्यांत काढली. या वाड्यात तो १९१० मध्ये आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये वारला. १९१९ मध्ये त्याचे कुटुंब मायदेशी परतले. वास्तू मात्र टिकली. पुढे काही काळ तेथे शासकीय तंत्रनिकेतन भरत असे. आज तेथे वस्तुसंग्रहालय आहे.

३/ दुसरे उदाहरण टिळक आळीतील. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला ते घर आज राज्य संरक्षित स्मारक आहे. १८६६ मध्ये टिळक कुटुंब पुण्यास गेले. लोकमान्यांच्या आयुष्यातील जेमतेम दहा वर्षे या गावात गेली.

४/ दोन्ही वास्तू जपल्या गेल्या, हे योग्यच झाले. परंतु दोन्हींच्या संरक्षणामागे एकेक मोठे नाव आहे. ज्या घरात कोणी राजा राहिला नाही, कोणी लोकमान्य जन्मला नाही, त्या घराचे काय?

५/ जांभ्याचे चिरे, उतरते कौलारू छप्पर, ओटी, पडवी, माजघर ही कोकणी घराची रचना येथील पावसाने घडवली. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होत जातो. त्याला चुन्याचा गिलावा मानवतो. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो आणि भिंत आतून पोखरू लागते.

६/ टिळकांचे घर हे याच रचनेचे उदाहरण. आसपासची तशी घरे नाहीशी झाली, तर ते घर उभे राहील, पण ज्या वस्तीत ते वसले ती दिसणार नाही. इतिहास एका उंबरठ्यापुरता उरेल.

७/ कायद्याची अडचण आहे का? नाही. १९६० चा राज्य अधिनियम निवडक स्मारकांपुरता असला, तरी १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम शहराच्या विकास आराखड्यातच वारसा इमारती आणि वारसा परिसर यांच्या जतनाची तरतूद करू देतो. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. तीत खासगी इमारतींचाही समावेश होतो.

८/ खरा आक्षेप घरमालकांचा आहे आणि तो रास्त आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळायची, वाशांची वाळवी पाहायची, हिस्सेदारांची संमती मिळवायची; आणि वर सरकारी निर्बंध! नुसते यादीत नाव घालणे ही अशा कुटुंबाला शिक्षाच ठरेल.

९/ म्हणून निर्बंधाबरोबर मदतही हवी: घरपट्टीत सवलत, दुरुस्तीला अनुदान, चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांची उपलब्धता आणि घर राहते ठेवून आत बदल करण्याची मोकळीक. थिबाचा वाडा सरकारच्या हाती होता आणि त्याला नवे उपयोग मिळत गेले. खासगी घराला तेवढा आधार कोणी द्यायचा, हा निर्णय शहराचा आहे.

१०/ परक्या सत्तेने कैद्यासाठी बांधलेला वाडा रत्नागिरीने आपला मानला, हा या शहराचा मोठेपणा. तोच न्याय आता त्याने स्वतःच्या घरांना द्यावा. विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात, तेव्हा इतिहासप्रेमींनी आपल्या आळीतील घरांची नोंद घेऊन तेथे हजर राहावे. घर पडल्यावर काढलेल्या हळहळीची नोंद कोणत्याच आराखड्यात होत नाही.