रूळ गेले, वाट राहावी

जर्मनीतील आखन शहरातून निघून बेल्जियमचा पूर्व कोपरा पार करत लक्झेंबर्गच्या उत्तरेतील त्र्वाव्हिएर्ज गावी पोहोचणारा १२५ किलोमीटरचा एक सायकलमार्ग आहे. त्याचे नाव फेनबान. तीन देश, आयफेलचे डोंगर, होहेस फेनचे दलदलीचे पठार, स्प्रूसची गर्द जंगले असा सगळा मुलूख तो ओलांडतो आणि मोटारींशी त्याचा संबंध येतो तो बहुतांशी रस्ता ओलांडण्यापुरताच. २०१३ मध्ये हा मार्ग पूर्ण झाला. आपल्याकडे ताम्हिणी, वरंध किंवा आंबोली घाटात सायकल घेऊन जाणारे आता सर्रास दिसतात, पुण्याहून गोव्यापर्यंत सायकलने जाण्याची हौस तर जुनीच आहे. पावसाळ्यातल्या रविवारी घाटाच्या कठड्याला खेटून, मागून येणाऱ्या मोटारींचे हॉर्न ऐकत चढणाऱ्या या मंडळींनी ‘आपल्याकडे असे मार्ग का नाहीत’ असे विचारले तर ते रास्तच आहे. मात्र त्याचे उत्तर देण्याआधी फेनबान मुळात कशाची बनली, हे समजून घ्यायला हवे. जंगल आणि डोंगर आपल्याकडेही आहेत. कमी आहे ती दुसरीच गोष्ट.

फेनबान हा मुळात लोहमार्ग. प्रशियाच्या सरकारी रेल्वेने १८८२ मध्ये त्याचे काम सुरू केले, १८८५ मध्ये आखन ते मोन्शाऊ हा टप्पा खुला झाला आणि १८८९ मध्ये रूळ लक्झेंबर्गला जाऊन भिडले. आखनच्या खाणींतला कोळसा एका दिशेने आणि लक्झेंबर्गचे लोहखनिज दुसऱ्या दिशेने, असा हा व्यवहार होता. पोलादी रुळावर पोलादी चाक फार कमी घर्षणाने धावते, पण त्याच कारणाने चढावर ते घसरते. त्यामुळे अवजड मालगाड्या न्यायच्या तर चढ शंभर मीटरला दोन मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. डोंगर आडवा आला की तो कापायचा किंवा पोखरायचा, दरी आली की भराव घालायचा किंवा पूल बांधायचा. बोरघाटात १८६३ मध्ये उघडलेल्या मार्गावर ३७ मीटरला एक मीटर चढ ठेवावा लागला आणि मध्येच गाडीची दिशा उलटवण्यासाठी खास स्थानक बांधावे लागले, यावरून हे काम किती जिकिरीचे असे याची कल्पना येईल.

इंजिनाच्या या अशक्तपणाचा फायदा सव्वाशे वर्षांनी सायकलस्वाराला मिळतो. सामान धरून सायकल आणि स्वाराचे वजन शंभर किलो मानले, तर दोन टक्के चढावर ताशी बारा किलोमीटर वेगाने जाण्यासाठी हवेचा व रस्त्याचा विरोध धरून नव्वदएक वॅट शक्ती लागते. सात टक्क्यांच्या रस्त्यावर तोच वेग राखायचा तर अडीचशे वॅटच्या आसपास. साधा निरोगी माणूस पहिले काम तासन्‌तास करू शकतो, दुसरे काही मिनिटे. आखनकडून निघाल्यावर तीसेक किलोमीटरमध्ये सुमारे चारशे मीटर उंची गाठावी लागते, पण साठीतली जोडपी आणि लहान मुले घेऊन निघालेली कुटुंबेही ती बेताने गाठू शकतात. आपल्या घाटरस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढून त्याला सायकल मार्ग म्हटल्याने हे साधणार नाही. तो रस्ता मोटारीच्या ताकदीचा हिशेब धरून आखलेला असतो.

चढाचा प्रश्न असा सुटला, तरी जमिनीचा उरतोच आणि तो अधिक अवघड आहे. फेनबानची गोष्ट इथे फारच चमत्कारिक वळण घेते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने ऑइपेन आणि माल्मेदी हा मुलूख बेल्जियमला मिळाला. त्या मुलखाच्या दोन भागांना जोडणारा लोहमार्ग मात्र मधूनमधून जर्मनीत जात होता. तेव्हा रुळाखालची जमीनही बेल्जियमला देण्यात आली. परिणाम असा झाला की काही मीटर रुंदीची बेल्जियमची पट्टी जर्मनीच्या अंगातून धावू लागली आणि तिच्या पश्चिमेला राहिलेले जर्मन तुकडे मूळ देशापासून तुटून बेटांसारखे उरले. अशी पाच बेटे आजही आहेत. त्यांपैकी र्‍युकश्लाग म्हणजे एक घर आणि त्याची बाग, एवढेच. रोएटगेन गावाचा पश्चिमेचा भाग दुसऱ्या बेटात येतो. हेच गाव सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकी सैन्याने जिंकलेले पहिले जर्मन गाव ठरले आणि त्या परिसरात हिटलरच्या तटबंदीतले काँक्रीटचे दात अजून रांगेने उभे आहेत. युद्धानंतरच्या टंचाईत याच सीमेवरून कॉफीची जोरदार तस्करी चाले. एकूण, सायकल चालवता चालवता इतका इतिहास फुकट मिळावा अशा जागा थोड्याच.

पुढे मालवाहतूक रोडावली. शेवटी शेवटी हौशी मंडळी पर्यटकांसाठी गाड्या चालवत होती, त्याही २००१ मध्ये थांबल्या आणि काही वर्षांनी रूळ उखडण्यात आले. तेव्हा ही पट्टी आता जर्मनीकडे परत जाणार का, अशी चर्चा वृत्तपत्रांत रंगली. ती बेल्जियमचीच राहील असा खुलासा झाला आणि तिच्यावर डांबर पडले. आमच्या मते या मार्गाचे खरे भांडवल इथे आहे. आंतरराष्ट्रीय तहाने बांधलेली जमीन सहजासहजी कुणाला विकता येत नव्हती, वाटणीत शेताचे बांध पडावेत तसे तिचे तुकडे पडले नाहीत. योगायोगाने का होईना, पट्टी सलग राहिली. बेल्जियमच्या वालोनिया प्रांताने १९९५ पासून हेच धोरण म्हणून स्वीकारले. बंद पडलेले लोहमार्ग रेल्वेकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यायचे, कालव्याकाठच्या वाटांना जोडायचे आणि पायी चालणारे, सायकली व घोडे यांच्यासाठी राखायचे. मालकी रेल्वेची राहते, वापर लोकांचा.

अमेरिकेने हेच कायद्याने केले. विस्कॉन्सिनमधील डोंगराळ भागात एल्रॉय ते स्पार्टा हा तीन बोगद्यांचा जुना लोहमार्ग १९६७ मध्ये सायकलींसाठी खुला झाला. त्यातला सर्वांत लांब बोगदा ११६० मीटरचा असून तिथे सायकलवरून उतरून, दिवा हातात धरून चालावे लागते. अशी उदाहरणे वाढत असतानाच दुसरीकडे हजारो मैलांचे लोहमार्ग बंद होऊन त्यांची जमीन फुटत होती. १९८३ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. बंद होणारा मार्ग ‘सोडून दिला’ असे न मानता भविष्यातील रेल्वेसाठी राखून ठेवायचा आणि तोवर त्यावर वाट करायची, अशी ही तरतूद. ती सर्वांना रुचली नाही. लोहमार्गासाठी ज्यांच्या जमिनीतून फक्त जाण्याचा हक्क घेतला होता, त्यांचे म्हणणे असे की रेल्वे गेली, आता आमची जमीन आम्हाला द्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये व्हरमाँटमधील प्रकरणात कायदा वैध ठरवला, पण जमीनमालकांना भरपाई मागता येईल असेही सांगितले. २०१४ मध्ये वायोमिंगमधील एका वेगळ्या प्रकारच्या हक्काच्या प्रकरणात निकाल सरकारच्या विरोधात गेला. म्हणजे सार्वजनिक वाट हवी म्हणून कुणाच्या सातबाऱ्यावर सरसकट रेघ मारता येत नाही. हे लक्षात ठेवणे आपल्यालाही बरे.

या मार्गांची वर्णने वाचताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ते अनेकदा कंटाळवाणे असतात. डोंगर कापून काढलेल्या खिंडीतून जाताना दोन्ही बाजूंना कपार आणि झुडपे, दृश्य काही नाही. स्थानके गावापासून लांब, त्यामुळे चहा प्यायला वाट सोडून चढ चढावा लागतो. वळणे इतकी मोठी की वळल्याचे कळतही नाही. पण ज्याला चार दिवस सामान लादून, मागे न बघता, शेजारच्याशी गप्पा मारत जायचे आहे त्याला हा कंटाळा मंजूर असतो.

महाराष्ट्रात अशा पट्ट्या कुठे आहेत? सर्वांना ठाऊक असलेली म्हणजे वऱ्हाडातली शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूर, मिळून सुमारे १९० किलोमीटरची ही अरुंद रेल्वे कापसासाठी घातली गेली आणि आता बंद आहे. तिचा बराच भाग सपाट आहे, पण एक टोक यवतमाळच्या टेकड्यांत आणि दुसरे चिखलदऱ्याच्या पायथ्याशी आहे. तिथल्या लोकांना मात्र सायकलमार्ग नको, ब्रॉडगेज हवी आहे, आणि ती मागणी योग्यच आहे. शहरातल्या हौसेसाठी गावाची गाडी मागे पडावी असे कुणीही म्हणू नये. पण गाडी येईपर्यंत या पट्टीचे काय होते? रूळ चोरीला जाणे, भरावाची माती उचलली जाणे, कडेची शेते हळूहळू आत सरकणे हे सोडलेल्या कोणत्याही मार्गाचे भवितव्य असते. अमेरिकी तरतुदीतला ‘तोवर’ हा विचार नेमका इथे उपयोगी आहे. माणसांची रोजची ये-जा असलेली वाट राखली जाते, आणि उद्या रूळ घालायचे ठरले तर जमीन नव्याने संपादित करावी लागत नाही. दरम्यान त्या वाटेने शाळेत जाणाऱ्या मुली आणि बाजारहाट करणारे शेतकरी पर्यटकांपेक्षा अधिक संख्येने जातील, हे उघड आहे.

दुसरी पट्टी याहून देखणी, आणि तिच्याबाबत आमचे मत नेमके उलट आहे. अकोला-खंडवा मीटरगेज मार्ग सातपुड्यातून, मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असे. धुळघाटाजवळ गाडी स्वतःच्याच मार्गावरून वळसा घालून चढे. एकेकाळी मीनाक्षी एक्स्प्रेसच्या खिडकीतून तो वळसा पाहण्यासाठी प्रवासी जागे राहत. रुंदीकरणासाठी हा मार्ग बंद झाला आणि नवी ब्रॉडगेज वाघाच्या जंगलातून न नेता बाहेरून वळवावी, असा आग्रह वन्यजीवप्रेमींनी व राज्य सरकारनेही धरला. नकाशा पाहून कुणाही सायकलस्वाराच्या तोंडाला पाणी सुटेल असा हा रस्ता आहे. तरीही तो सायकलींना देऊ नये. गाडी दिवसातून मोजक्या वेळा येऊन जाते, तर वाट दिवसभर माणसे आणते, मग पाण्याच्या बाटल्या, मग टपऱ्या, मग टपऱ्यांसाठी वीज. मोटार नाही म्हणून वाट निरुपद्रवी ठरत नाही.

फेनबानवर याचे एक उदाहरण नोंद घेण्यासारखे आहे. लक्झेंबर्गच्या सीमेवर डोंगराखालून जाणारा सुमारे आठशे मीटरचा जुना बोगदा आहे. सायकलस्वारांना तो सरळ, सपाट मिळाला असता. पण त्यात वटवाघळे राहतात, म्हणून तो बंद ठेवून मार्ग डोंगरावरून नेला आहे. साऱ्या प्रवासातला खराखुरा चढ तेवढाच.

रेल्वे मंत्रालय आणि राज्य सरकार यांनी आता करण्याजोगे काम फार खर्चाचे नाही. राज्यातील बंद किंवा बंद होऊ घातलेल्या प्रत्येक लोहमार्गाची मोजणी करावी. जुन्या रेल्वेहद्दीचे दगड जागेवर आहेत का ते पाहावे. पट्टीचा कोणताही तुकडा भाड्याने किंवा विकसनासाठी देण्याआधी तो दिल्याने सलगता तुटते का, हे लेखी नोंदवावे. वनखात्याने कोणते भाग कायमचे मिटवायचे ते त्याच वेळी सांगावे. आणि हे लवकर व्हावे, कारण आपल्याकडे घाई पाऊस करतो. भरावाखालच्या दगडी मोऱ्या साफ करणारे गँगमन गेले की त्या गाळाने भरतात, पाणी भरावावरून उलटते, आणि चार-पाच पावसाळ्यांत अशी भगदाडे पडतात की मग वाट करायची म्हटले तरी नवा पूल बांधण्याचा खर्च येतो.