नद्यांची लढाई आणि कोकणचा शिपाई

नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर राहणे म्हणजे काय, हे देवबागच्या माणसाला सांगावे लागत नाही. एका अंगाला कर्ली, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि पाऊस लागला की दोहोंचीही धास्ती. दुसऱ्या महायुद्धातील इटलीची मोहीम समजून घेण्यास रशियाच्या मैदानांपेक्षा हा भूगोल अधिक उपयोगी पडतो. इटलीचा पूर्व किनारा म्हणजे उलटे कोकणच. पश्चिमेस ॲपेनाइन पर्वत, पूर्वेस ॲड्रिॲटिक समुद्र आणि मधल्या भूमीला आडव्या छेदणाऱ्या तोकड्या, परंतु पावसात उग्र होणाऱ्या नद्या. जर्मन सेनापती केसेलरिंग याने त्यांचाच तट केला. एक ओलांडावी, तो पुढची उभी!

युद्धाचे पारडे स्टालिनग्राड आणि कुर्स्क येथे फिरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वीसहून अधिक जर्मन डिव्हिजन इटलीत अडकून पडल्या, त्या या नद्यांवरील चिवट लढायांमुळे. आणि त्या लढणाऱ्यांत मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रोला पूर येऊन सैन्याने बांधलेले पूल वाहून गेले, पैलतीरी उतरलेल्या तुकड्यांची रसद तुटू लागली. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्याखाली सापडली. उभे राहिले ते एकटेच. त्यांनी हातबॉम्बने ती तोफ बंद पाडली, काडतुसे भरण्यास सवड नाही म्हणून उरलेल्यांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळीने ते पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओच्या उंच बांधांत शत्रू दडून बसला होता. नामदेव जाधव या शिपायाने दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणले, पुन्हा पुढे जाऊन तीन मशीनगन ठाणी निकामी केली आणि बांधावर चढून रणगर्जना करीत सहकाऱ्यांना पलीकडे बोलाविले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तरीही आपल्या सार्वजनिक स्मृतीत हे युद्ध उपरेच राहिले. त्याचे कारण उघड आहे. गणवेश परक्या साम्राज्याचा होता. त्याच काळात सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते आणि त्याच मुलखातले तरुण पलटणीतही भरती होत होते. या विसंगतीला सामोरे जाण्याऐवजी इतिहासलेखनाने एक बाजू गाळून टाकणे पसंत केले. परंतु पगारासाठी, घरच्या मनीऑर्डरीसाठी जो गेला, त्याचे मरण त्यामुळे हलके ठरत नाही.

इटलीतील मोंतोने गावाने २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिका उभारली. माणगावात त्यांचा पुतळा आहे. प्रश्न आहे तो पदक न मिळालेल्यांचा. सांग्रो आणि फोर्ली येथील स्मारकांवर ज्यांची नावे कोरली आहेत, त्यांच्या नोंदींत अनेकदा गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. मालवण तालुक्यातील नावे शोधणाऱ्याने मात्र सिंधुदुर्ग शोधू नये. हा जिल्हा १९८१ चा. त्या वेळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि सावंतवाडी स्वतंत्र संस्थान होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने आणि ग्रामपंचायतींनी मनावर घेतले, तर त्या नोंदी गावनिहाय लावून घरोघरच्या जुन्या पेन्शनच्या कागदांशी ताडून पाहता येतील. आजोबांना पलटणीत पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. आरंभ त्यांच्यापासून करावा लागेल.